एक स्टार देणारे सगळेच झुंड नव्हेत

एखाद्या ॲपवर लोक चिडले आणि चार-साडेचारवर असलेलं त्याचं रेटिंग दोन दिवसांत एकावर आलं, की एक ठरावीक सूर ऐकू येऊ लागतो. हा हल्ला आहे, ही झुंडशाही आहे, असल्या रेटिंगला काडीची किंमत देऊ नये, गूगल आणि ॲपलने ते सरळ पुसून टाकावं. कंपन्यांच्या प्रवक्त्यांनी असं म्हणावं हे समजण्यासारखं आहे. पण अलीकडे एरवी ग्राहकांची बाजू घेणारी जाणती माणसंही हेच बोलू लागली आहेत. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आणि ते दासगावसारख्या गावातून द्यायला हवं. कारण ज्याला कंपनीच्या कचेरीत चालत जाता येतं, कंपनीतल्या कोणाचा तरी नंबर ज्याच्याकडे असतो, त्याला एक स्टारची गरज फारशी पडतच नाही.

मुंबईहून गोव्याकडे जाताना महाड यायच्या आधी, सावित्रीच्या खाडीकाठी दासगाव लागतं. इथल्या माणसाची तक्रार पूर्वी कोणाकडे जायची, हे ठरलेलं होतं. एसटीचं काही असेल तर महाडच्या डेपोत जायचं, विजेचं असेल तर वायरमनला गाठायचं, बँकेचं असेल तर शाखेत जाऊन साहेबांपुढे पासबुक ठेवायचं. काम होईलच असं नव्हतं. पण समोर माणूस असायचा, त्याच्याशी भांडता यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभं राहता यायचं. आता गाडीचं तिकीट, विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, रिचार्ज, कर्जाचा हप्ता, मुंबईच्या मुलाने पाठवलेले पैसे, सगळं फोनमध्ये आहे. सोय झाली, यात शंकाच नाही. पण ज्या खिडकीवर जाऊन भांडायचं ती खिडकीच उरलेली नाही.

गणपती करून परत निघालेल्या एखाद्या चाकरमान्याचं उदाहरण घ्या. खासगी गाडीच्या तीन सीटा ॲपवरून काढल्या. पैसे कटले, तिकीट आलं नाही. नेटवर्कची एकच काडी, म्हणून तो फोन घेऊन अंगणाच्या कडेला उभा. ॲपमध्ये ‘मदत’ दाबलं की सहा पर्याय येतात, त्यातला एकही त्याच्या अडचणीचा नसतो. जवळचा वाटतो तो निवडला तर इंग्रजीत चार ओळी येतात आणि खाली विचारलं जातं, तुमचं समाधान झालं का. ‘नाही’ दाबलं की पहिल्या सहा पर्यायांवर परत. ईमेल केला तर यंत्राने धाडलेली पोच येते. फोन नंबर शोधायला गेला तर शोधात वर येणारा नंबर भामट्याचा असण्याची भीती. अशी फिरफिर करून दमलेला तो माणूस शेवटी ॲप स्टोअरवर जातो, एक स्टार देतो आणि लिहितो: ‘पैसे कट झाले तिकीट नाही कोणी फोन उचलत नाही फालतू ॲप.’ त्याच्या खाली काही वेळाने उत्तर येतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आम्हाला ईमेल करा.

त्याच गाडीसाठी, त्याच दोन दिवसांत, त्याच बिघाडामुळे हजारो लोकांचे पैसे अडकले तर हजारो लोक असंच लिहिणार. कोणी ठरवून दिलेलं नसतानाही शब्द सारखे येणार, वेळ एक असणार, सगळ्यांचा स्टार एकच असणार. बाहेरून पाहणाऱ्याला ही मोहीम वाटते, आणि ती पुसून टाकण्याची मागणी होते ती नेमकी याच खुणांवर बोट ठेवून.

दाद मागण्याचे सगळे रस्ते बंद झाले की चारचौघांत बोलायचं, ही रीत या मुलखाला नवी नाही. महाडजवळच्या लाडवलीत जन्मलेला आणि दासगावात शिकलेला रामचंद्र बाबाजी मोरे हा मुलगा 1914 च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत दाखल व्हायला गेला. अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारला. वय अकरा-बारा. तिथे कोणाशी वाद घालून उपयोग नव्हता. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि सरकारी अनुदान घेणारी शाळा आपल्याला दारातून परत पाठवते, हे जगजाहीर केलं. मग प्रवेश मिळाला, जरी बसवलं वेगळं, तरी मिळाला. पुढे हेच कॉम्रेड आर. बी. मोरे मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेचे प्रमुख संघटक झाले. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. मोऱ्यांच्याही आधी, महाड तालुक्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रांतून लिहीत होते, सरकारकडे अर्ज करत होते. जातीच्या अन्यायाची आणि अडकलेल्या तिकिटाच्या पैशांची बरोबरी कोणी करू नये, ती होऊच शकत नाही. पण ज्यांचं आत कोणी ऐकत नाही त्यांनी बाहेर, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, आणि त्या लिहिण्यानेच आतल्यांना हलवायचं, हे दासगावला कोणी शिकवायला नको.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे वळू. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की एक स्टार देणाऱ्यांत ज्यांचं काहीच बिघडलेलं नाही अशी माणसं फार असतात. हे खरं आहे, आणि त्याची उदाहरणं आपल्याच देशात घडलेली आहेत.

नोव्हेंबर 2015 मध्ये आमिर खानने असहिष्णुतेबद्दल एक विधान केलं. तो तेव्हा स्नॅपडील या ऑनलाइन दुकानाची जाहिरात करत होता. लोकांनी स्नॅपडीलचं ॲप काढून टाकायला सुरुवात केली, एक-एक स्टारचा मारा केला. त्या विधानाशी आपला संबंध नाही, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. एप्रिल 2017 मध्ये तर कहर झाला. स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने अमेरिकेतल्या कोर्टात केला होता. कंपनीने तो साफ नाकारला. तरी इथे संताप उसळला, आणि नावातल्या साधर्म्यामुळे स्नॅपचॅटबरोबर पुन्हा स्नॅपडीललाही एक-एक स्टार मिळू लागले. ज्या कंपनीचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता तिने मार खाल्ला. 2019 च्या जुलैअखेर झोमॅटोच्या बाबतीत जे झालं ते याहून वाईट होतं. जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण आणणारा मुलगा हिंदू नाही म्हणून तो बदलून मागितला, कंपनीने नकार दिला, आणि त्या नकारासाठी तिच्यावर एक स्टारचा वर्षाव झाला. तिथे कंपनी बरोबर होती आणि स्टार देणारे चूक होते. त्यात दुसरं मत असण्याचं कारण नाही.

मे 2020 मधलं टिकटॉकचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. यूट्यूबवरचे आणि टिकटॉकवरचे कलाकार यांच्यातलं भांडण पेटलं आणि टिकटॉकचं रेटिंग चाराच्या वरून सव्वाच्या आसपास आलं. यातले कितीतरी लोक फक्त आपल्या आवडत्या यूट्यूबरसाठी लढत होते. पण त्याच दिवसांत ॲसिड हल्ल्याचं उदात्तीकरण करणारा एक व्हिडिओ टिकटॉकवर फिरत होता, राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली होती, आणि त्यामुळे चिडलेले लोकही एक स्टारच देत होते. गूगलने लाखो रिव्ह्यू एकदम काढून टाकले आणि रेटिंग पुन्हा चाराच्या वर गेलं. भांडखोर आणि संतापलेले यांच्यात फरक झालेला दिसला नाही. महिनाभरात, 29 जूनला, सरकारनेच वेगळ्या कारणाने टिकटॉकवर बंदी घातली आणि हा वाद तिथेच विरला. प्रश्न मात्र राहिला. खोट्याबरोबर खरं पुसलं गेलं, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

सरसकट पुसण्याचा दुसरा नमुना अमेरिकेतला आहे. 28 जानेवारी 2021 रोजी रॉबिनहूड या शेअर खरेदी-विक्रीच्या ॲपने गेमस्टॉपसह काही कंपन्यांचे शेअर विकत घेण्यावर अचानक बंधनं घातली. विकता येत होतं, घेता येत नव्हतं. लहान गुंतवणूकदार भडकले, ॲप एक स्टारवर आलं. हा ठरवून केलेला मारा आहे असं म्हणत गूगलने जवळपास एक लाख रिव्ह्यू काढले आणि रेटिंग पुन्हा चारवर नेलं. लोकांनी परत लिहिलं, ते परत एकावर आलं, आणि या खेपेला गूगलने हात लावला नाही. हे रिव्ह्यू लिहिणारे कोण होते? स्वतःचे पैसे त्या ॲपमध्ये घातलेले, त्या दिवशी ज्यांचा व्यवहार अडला ते ग्राहक त्यांत मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी 30 जूनला अमेरिकेतल्या फिनरा या नियामक संस्थेने रॉबिनहूडला सुमारे 7 कोटी डॉलरचा दंड आणि भरपाई भरायला लावली. ती कारवाई मार्च 2020 मध्ये ॲप बंद पडल्याबद्दल आणि ग्राहकांना चुकीची माहिती दिल्याबद्दल होती, जानेवारीतल्या घटनेबद्दल नव्हे. तरीही ज्या कंपनीला ‘झुंडी’पासून वाचवायला गूगल धावलं, तिच्याविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी हवेतल्या नव्हत्या, एवढं त्यातून दिसलंच.

तेव्हा विरोधकांचा मुद्दा मान्य करूनही त्यांचा निष्कर्ष मान्य होत नाही. काही रिव्ह्यू परक्या भांडणातून आलेले असतात, म्हणून सगळे पुसा, हे बरोबर नाही. वेगळे करा. आणि वेगळे करणं जमत नाही, ही सबब चालणार नाही. कोणत्या खात्यावर ॲप किती दिवसांपासून आहे आणि कोणी ते दहा मिनिटांपूर्वी उतरवून, स्टार देऊन लगेच काढून टाकलं, हे स्टोअरच्या मालकाला ठाऊक असतं. संगणकावरच्या खेळांचं दुकान असलेल्या स्टीमने हे करून दाखवलं आहे. 2017 मध्ये त्यांनी प्रत्येक खेळाच्या पानावर रिव्ह्यूंचा आलेख दिला, म्हणजे कोणत्या तारखेला नाराजी उसळली ते कोणालाही दिसावं. 2019 मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. खेळाशी संबंध नसलेल्या वादातून रिव्ह्यूंचा लोंढा आला, तर तो काळ वेगळा दाखवायचा, एकूण गुणांत धरायचा नाही, पण लिहिलेलं एक अक्षरही पुसायचं नाही. ज्याला ते गुणांत धरून पाहायचे आहेत त्याला तशी सोय. इतकी साधी गोष्ट अब्जावधी ॲप वाटणाऱ्या कंपन्यांना जमू नये?

झुंड विचार करत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्याच स्टीमवर मे 2024 मध्ये काय झालं तेही पाहावं. हेलडायव्हर्स 2 हा खेळ विकत घेतलेल्यांना सोनीने अचानक सांगितलं, की यापुढे आमच्या प्लेस्टेशनच्या नेटवर्कवर खातं जोडावं लागेल. अनेक देशांत ते नेटवर्क मिळतच नव्हतं, म्हणजे पैसे देऊन घेतलेला खेळ तिथल्या लोकांच्या हातून जाणार होता. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून अधिक नकारात्मक रिव्ह्यू आले. 6 मे रोजी सोनीने निर्णय मागे घेतला. त्यानंतर अनेक खेळाडूंनी जाऊन आपले रिव्ह्यू स्वतःच बदलले. मागणी नेमकी होती, ती मान्य झाली, राग संपला. याला झुंड म्हणायचं, तर मग ग्राहकांनी एकत्र येऊन काहीही मागितलं तरी ती झुंडच ठरेल.

महाराष्ट्रातलं प्रकरण ॲमेझॉनचं, आणि ते इथे मुद्दाम घ्यायला हवं, कारण एक स्टार आणि दगड यांना एकाच पिशवीत कोंबण्याची सवय त्यातूनच पक्की झाली. 2020 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे ॲपमध्ये मराठी आणण्याची मागणी केली. ॲमेझॉनवर तेव्हा हिंदी होती, दक्षिणेतल्या भाषा होत्या, मराठी नव्हती. मुंबईचा बाजार मोठा आणि मराठी ग्राहक मोठा, तरी नव्हती. मागणी शंभर टक्के न्याय्य होती. पुढे ‘नो मराठी, नो ॲमेझॉन’ अशी पोस्टरं लागली, प्रकरण कोर्टात गेलं, राज ठाकरे यांना नोटीस निघाली, आणि डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत कंपनीच्या ठिकाणांची तोडफोड झाली. सप्टेंबर 2021 मध्ये ॲमेझॉनवर मराठी आली.

तोडफोडीचं समर्थन करता येत नाही. फुटलेल्या काचा जिने मराठी नाकारली त्या वरिष्ठ कचेरीच्या नसतात, तिथे पाळीवर आलेल्या मराठी पोरांच्या डोक्यावरच्या असतात. पण ‘ॲपवर एक स्टार देणं म्हणजे ऑनलाइन तोडफोडच’ असं जे तेव्हापासून सर्रास लिहिलं जातं, ते सरळ चूक आहे. एक स्टारने कोणाची काच फुटत नाही. तो नावानिशी, तारखेनिशी नोंदवलेला नकार असतो, त्याला कंपनी खाली उत्तर देऊ शकते आणि देणारा तो बदलू शकतो. उलट, मराठीची मागणी हजारो मराठी ग्राहकांनी त्या ॲपच्या पानावर मराठीतच लिहून, कोणती पाटी कळली नाही, परतीची अट वाचता न आल्याने काय नुकसान झालं, हे मांडलं असतं तर ती जास्त ठाम झाली असती. दासगाव-वीर परिसरात एखादी बाई फोनवरून मिक्सर मागवते, तो बिघडलेला येतो, आणि परत करायचा शेवटचा दिवस इंग्रजीत लिहिलेला असतो. मराठीचा प्रश्न तिच्यासाठी अस्मितेइतकाच दीड-दोन हजार रुपयांचा आहे. ते तिने लिहायला हवं, आणि लिहिल्यावर ते टिकायला हवं.

‘तक्रारच करायची तर कायदा आहे, ग्राहक आयोग आहे’, हा पुढचा युक्तिवाद. कायदा चांगला आहे, हे आधी सांगायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्याला शक्य आहे त्याने हे सगळं करावंच. पण रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला, दासगावपासून शंभरएक किलोमीटरवर. अर्ज फोनवरून भरता आला तरी कागद जमवायचे, सुनावणीच्या तारखा पाळायच्या, आणि हे सगळं तिकिटाच्या सहाशे रुपयांसाठी? कोणी करत नाही. करणार नाही, याची कंपनीला पुरती खात्री असते. सहाशे रुपयांचं नुकसान हजार लोकांचं झालं तर ते सहा लाखांचं होतं, पण कायद्याच्या दारात ते हजार वेगवेगळ्या, प्रत्येकी सोडून देण्याजोग्या तक्रारी म्हणून उभं राहतं. त्यांची बेरीज जिथे सगळ्यांना दिसते अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे ॲपचं पान.

सरकारी ॲपचाही अनुभव वेगळा नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, फोनवर पिकाची नोंद करायची. कल्पना चांगली. पण पोलादपूरच्या डोंगरउतारावर, भाताच्या खाचरात जिथे रेंज नाही, तिथे ही नोंद कशी करायची? सर्व्हर चालत नाही, नोंद पुढे सरकत नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि नोंदणीची मुदत सरकारला वारंवार वाढवावी लागली. त्या तक्रारी करणारे झुंड होते असं कोणी म्हटलं नाही. शेतकऱ्याला जे मान्य केलं ते ग्राहकाला नाकारायचं कारण काय?

कर्जाच्या ॲपकडे पाहिलं की एक स्टारचं मोल कळतं. टाळेबंदीच्या काळात आणि नंतर, आधार-पॅनचा फोटो घेऊन पाच मिनिटांत पाच-दहा हजार देणारी ॲप गावोगावी पोचली. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन, बदनामीचे मेसेज, फोटोंची छेडछाड. नोव्हेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाच्या अहवालात त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेल्या सुमारे 1,100 कर्ज-ॲपपैकी 600 बेकायदा आढळल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. एप्रिल 2021 ते जुलै 2022 या काळात गूगलने अशी अडीच हजारांहून अधिक ॲप काढून टाकली, असं पुढे संसदेत सांगण्यात आलं. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वं आली. या मधल्या काळात, कायदा पोचायच्या आधी, पुढच्या माणसाला सावध कोण करत होतं? ज्यांची बदनामी झाली तीच माणसं, एक स्टार देऊन, ‘हे घेऊ नका, घरच्यांना फोन करतात’ असं लिहून. लाज गिळून लिहिलेली ती एक ओळ वाचून कोणाचा तरी हात थांबला असेल. ‘एकाच वेळी एकसारखे नकारात्मक रिव्ह्यू आले’ एवढ्या कारणाने पुसायचं ठरवलं, तर पहिला फायदा अशा ॲपचा होईल.

आणि रेटिंग मुळात शुद्ध होतं, लोकांनी ते नासवलं, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. पाच स्टार विकत मिळतात. ते थांबवण्यासाठीच ई-कॉमर्स नियमांत कंपनीने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकू नये असं कलम घालावं लागलं, 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोला ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणावं लागलं, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ऑक्टोबर 2024 पासून खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालावी लागली. आपल्याकडचं मानक ऐच्छिक आहे, ही त्यातली मोठी उणीव. याशिवाय एक साधी युक्ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. ॲप विचारतं, आवडलं का? ‘हो’ म्हटलं की स्टोअरचं पान उघडतं, ‘नाही’ म्हटलं की कंपनीचा आतला फॉर्म. कौतुक चव्हाट्यावर, तक्रार कपाटात. स्टारचं कार्ड दाखवण्याआधी असा प्रश्न विचारू नये असं गूगलच्या सूचनांतच आहे, तरी हा प्रकार दिसतो. शंभरदा असा कौल फिरवून घेतलेल्या कंपनीने एकदा तो उलटा पडला म्हणून न्याय मागावा, हे पटत नाही.

‘त्या कंपनीत काम करणाऱ्या गरीब पोरांच्या पोटावर पाय येतो’, असंही म्हणतात. ही काळजी खरी असेल तर स्वागतच आहे, कारण महाड-पोलादपूरची कितीतरी मुलं मुंबईत पाठीवर डबे घेऊन फिरतात. पण त्या मुलांना स्टार कोण लावतं? कंपनीच लावते. गाडी खड्ड्यात अडकून उशीर झाला तरी स्टार त्याचे कापले जातात आणि त्यावर त्याचं काम ठरतं. ऑक्टोबर 2021 मध्ये गुरुग्रामला, ॲपवरून घरपोच सेवा देणाऱ्या अर्बन कंपनीच्या ब्युटिशियन महिला रस्त्यावर आल्या, त्यांच्या तक्रारींत भरमसाट कमिशनबरोबर रेटिंगचा जाच हाही मुद्दा होता. त्याच डिसेंबरात कंपनीने आंदोलन करणाऱ्या महिलांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. कामगाराला एका ग्राहकाच्या लहरीवर तोलणारी व्यवस्था कंपनीला योग्य वाटते, आणि हजारो ग्राहकांच्या अनुभवावर कंपनीला तोललं की तो अन्याय होतो, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. ग्राहकाने मात्र इथे एक पथ्य पाळावं. चूक कंपनीची असेल तर स्टार ॲपच्या पानावर द्यावा, दारात आलेल्या मुलाच्या नावावर नाही.

मे 2021 मध्ये पॅलेस्टाइनबद्दलच्या पोस्ट दाबल्या जात असल्याच्या रागातून फेसबुकच्या ॲपवर एक स्टारची लाट आली होती. फेसबुकने ते रिव्ह्यू काढायला ॲपलला विनंती केली, ॲपलने नकार दिला, असं एनबीसीने छापलं. म्हणजे नकार देता येतो. तो त्या वेळी एका बलाढ्य कंपनीला दिला गेला, पण उद्या कोणाला द्यायचा आणि कोणासाठी लाखभर रिव्ह्यू पुसायचे, हे दोन कंपन्यांतल्या बंद खोलीतल्या संभाषणावर राहता कामा नये. पुसलं तर किती पुसले, कोणत्या तारखेचे, कोणत्या कारणाने, हे ॲपच्या पानावर छापलं पाहिजे. आणि ज्याचा रिव्ह्यू गेला त्याला त्याच्या भाषेत कळवलं पाहिजे. ऐच्छिक मानकाची सक्ती करताना ग्राहक मंत्रालयाने ही अट त्यात घालावी.

तोवर लिहिणाऱ्याने आपलं लिहिणं पक्कं करावं. ‘फालतू ॲप’ एवढंच लिहिलं तर ते पुसणाऱ्याचं काम सोपं होतं. तारीख, गाडीची किंवा व्यवहाराची वेळ, किती रुपये, तक्रार कधी केली आणि काय उत्तर आलं, हे चार ओळींत लिहावं, आणि मराठीत लिहावं. गूगलच्या स्टोअरवर 2019 पासून ताज्या रेटिंगला जास्त वजन आहे आणि 2021 च्या अखेरीपासून आपल्या देशातलंच रेटिंग आपल्याला दिसतं, तेव्हा इथलं लिहिलेलं इथल्याच माणसासमोर येणार. आपला मोबाईल नंबर, खाते क्रमांक मात्र तिथे कधीही टाकू नये. अडकलेल्या पैशांची तक्रार वाचून ‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ म्हणत फोन करणारे भामटे अशाच माणसांच्या शोधात असतात. फोटो काढून ठेवावा, 1915 वर नोंद करून तिचा क्रमांक रिव्ह्यूत लिहावा. आणि पैसे परत आले तर तोच रिव्ह्यू उघडून ‘अमुक तारखेला पैसे मिळाले’ असं जोडावं, स्टार वाढवावेत.